इंजिनाचा कान

चाळीसगांवकडून कन्नडकडे येणारी मोटार औट्रम घाटाच्या पायथ्याशीं पोहोंचली, कीं तिच्या इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. पिशोरसारख्या कन्नड तालुक्यांतील गांवांहून खानदेशांत ये-जा करणाऱ्या मंडळींना हा चढ पाठ आहे. वळणावर पुढची गाडी मंदावते. मागच्या मोटारीचा चालक गिअर खालीं आणण्याचा आळस करतो आणि वरच्याच गिअरमध्यें पाय दाबून धरतो. तेवढ्यांत इंजिनाच्या पोटांतून एक निराळाच आवाज उमटूं लागतो. पत्र्याच्या डब्यांत खडे खुळखुळावे, किंवा पितळी भांड्यावर कोणीं भराभर टिचक्या माराव्या, तसा. काचा बंद असल्या आणि आंत गाणें चालू असलें, तर तो कोणाला ऐकूंही येत नाहीं. ऐकूं आला तरी चढ संपतांच थांबतो, आणि म्हणून विसरला जातो.

मोटारीच्या धंद्यांत ह्या आवाजाला नॉक म्हणतात. मराठींत त्याला ठोका म्हणावयास हरकत नाहीं. जुनीं, मंद इंजिनें तो पुष्कळ काळ सोशीत असत. परंतु टर्बोनें हवा ठासून भरणाऱ्या आजच्या वेगवान मोटारींत कांहीं सेकंदांचा जबर ठोकाही पिस्टन फोडण्यास पुरेसा होऊं शकतो, आणि मग दुरुस्तीचा आंकडा लाखांच्या घरांत जातो. म्हणूनच अशा मोटारीच्या इंजिनावर कारखानदारानें एक कान बसविलेला असतो. हा कान काय ऐकतो, ऐकून काय करतो, आणि मालकानें त्याच्यावर कितपत विसंबावें, हें समजून घेणें ज्यांच्या दारांत अशी मोटार उभी आहे त्यांना अगत्याचें आहे. ज्यांच्या दारांत ती नाहीं त्यांनाही त्यांत मौज वाटेल.

पेट्रोलच्या इंजिनांत स्फोट होतो, असें सहज बोललें जातें. वस्तुतः निरोगी इंजिनांत स्फोट होत नाहीं, ज्वलन होतें. पिस्टन वर येतांना हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण दाबतो. तो अगदीं वर पोहोंचण्याच्या थोडें आधीं स्पार्क प्लगवर ठिणगी पडते, आणि तेथून ज्वाळेची एक पातळ भिंत सेकंदाला सुमारें २० ते ४० मीटर वेगानें चोहोंकडे पसरत जाते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनांत हें सारें ज्वलन एका सेकंदाच्या सुमारें पांचशेंव्या हिश्शांत आटोपतें. काळ एवढा अल्प असला, तरी त्यांत क्रम असतो. दाब चढतो तो पायरीपायरीनें, आणि पिस्टनाला खालीं ढकलतो तो झोपाळ्याला दिलेल्या झोक्यासारखा.

ऊस तोडून नेल्यावर शेतांत उरलेलें पाचट पेटवितांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना पुढील गोष्ट चटकन् उमगेल. एका बांधाकडून आग लावली, कीं ती ओळीनें पुढें सरकते. आतां अशी कल्पना करावी, कीं आग अर्ध्या शेतांत असतांनाच पलीकडच्या कोपऱ्यांतील पाचट नुसत्या धगीनें एकदम भडकून उठलें. ठोक्याच्या वेळीं नेमका हाच प्रकार घडतो. ज्वाळेच्या पुढें, सिलिंडराच्या कडेला, न जळलेलें मिश्रण शिल्लक असतें. पिस्टनानें तें दाबलेलें असतेंच. मागून फुगत येणारे जळके वायु त्याला आणखी दाबतात, आणि दाबामुळें तें तापतें. ज्वाळा वेळेवर पोहोंचली तर सर्व ठीक. परंतु ती येण्यापूर्वींच त्या मिश्रणाच्या सहनशक्तीचा अंत झाला, तर तें ठिणगीवांचून, आपल्या आपण, एकाच क्षणीं पेट घेतें. मग दाबाला चढण्यास वेळच मिळत नाहीं; तो उसळतो. झोपाळ्याला झोका देण्याऐवजीं त्यावर घण घालावा, तसें होतें.

येथें एखादा चाणाक्ष श्रोता विचारील, कीं विहिरीवरच्या डिझेल इंजिनांत तर ठिणगी नसतेच. तेथें इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच पेटतें. मग तें कसें टिकतें? फरक क्रमाचा आहे. डिझेल इंजिनांत नुसती हवा दाबली जाते, आणि तापलेल्या हवेंत इंधन थोडथोडें फवारलें जातें. जेवढें आंत येतें तेवढेंच जळतें. आरंभींचा थोडा फवारा मात्र पेटण्यास क्षणभर उशीर लावतो आणि मग एकदम पेटतो. डिझेलची ओळखीची खडखड ती हीच. ती गृहीत धरून तें इंजिन जाडजूड व भक्कम घडविलेलें असतें. पेट्रोलच्या इंजिनांत सर्व इंधन आधींच किंवा ठिणगीपूर्वीं आंत आलेलें असतें, आणि ठोका ज्वलनाच्या शेवटीं, अवचित येतो. त्यासाठीं त्याची बांधणी केलेली नसते.

ह्या उसळीनें सिलिंडरांतील तप्त वायु घंटेसारखा कांपूं लागतो. बाजारांत माठ घेतांना आपण टिचकी मारून नाद पाहतों. लहान माठाचा नाद बारीक, मोठ्याचा ढाला. सिलिंडराचेंही तसेंच आहे. त्याच्या व्यासावरून ठोक्याचा स्वर ठरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स स्टार्क ड्रेपर ह्यानें १९३० नंतरच्या दशकांत ह्याचें गणित मांडलें. सिलिंडराचा व्यास ८२.५ मिलिमीटर घेतला आणि तप्त वायूंतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ९५० मीटर धरला, तर कंपनसंख्या सेकंदाला ६,७०० च्या जवळपास येते. पियानोच्या सर्वांत उंच पट्टीचा स्वर ४,१८६ कंपनांचा असतो. ठोक्याचा स्वर त्याच्याही वर आहे. तो टिणटिणीत, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा वाटतो, तो ह्यामुळें. प्रत्यक्षांत कोणतेच दोन भाग एकमेकांवर आपटत नसतात. आपटत असतो तो वायु.

मग वायूच्या कंपनानें धातूचें एवढें काय बिघडतें? ज्वलनाच्या वेळीं सिलिंडरांतील उष्णतामान २,००० अंशांच्या वर जातें. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम तर ६६० अंशांवरच वितळतें. तरीही पिस्टन शाबूत राहतो, ह्याचें एक कारण असें, कीं त्याच्या पृष्ठभागाला लागून तुलनेनें थंड वायूचा एक पातळ थर असतो. कडकडीत तापलेल्या तव्यावरचा पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचत राहतो आणि लगेच आटत नाहीं. कांहींसा तसाच हा बचाव आहे. ठोक्याच्या लहरी हा थर खरडून काढतात. संरक्षण गेलेल्या पिस्टनाच्या कडेला बारीक खड्डे पडूं लागतात, जणूं वाळवीनें खाल्लें आहे. रिंगांना धरून ठेवणाऱ्या कडा तडकतात; डोक्याखालचें गॅस्केट फुटतें. आणखी वाईट हें, कीं ठोक्यानें भाग तापतात, आणि तापलेले भाग पुढच्या ठोक्याला आमंत्रण देतात. असा हा रोग आपल्यालाच पोसतो.

ह्या रोगावर माणसानें जो पहिला मोठा उपाय शोधला, त्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९१० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्या संशोधकानें मोटारीसाठीं बॅटरीवरील ठिणगीची व्यवस्था प्रचारांत आणली. इंजिनें ठोके देतात तीं ह्या नव्या व्यवस्थेमुळेंच, असा बोभाटा झाला. केटरिंगनें आपला तरुण सहकारी टॉमस मिजली ह्याला छडा लावण्यास सांगितलें. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे, हें मिजलीच्या ध्यानांत आलें. रॉकेल पेट्रोलपेक्षां अधिक ठोके देतें, हें दिसतच होतें. रॉकेल लाल रंगविलें तर तें उष्णता अधिक शोषून वेळेवर वाफ होईल, अशी त्याची अटकळ होती. तेलांत विरघळणारा लाल रंग हाताशीं नव्हता, म्हणून त्यानें आयोडीन टाकलें. आणि ठोका थांबला! मग खरेखुरे लाल रंग घालून पाहिले, तर तिळभरही फरक पडेना. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. चुकीच्या तर्कानें बरोबर दार उघडलें होतें.

आयोडीन महाग व धातू खाणारें. म्हणून शोध पुढें चालू राहिला, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजीं मिजली व त्याचे सहकारी शिशाच्या एका संयुगापाशीं येऊन थांबले. टेट्राएथिल लेड हें त्याचें नांव. त्याची अल्पशी मात्रा पेट्रोलमध्यें मिसळली, कीं ठोका बंद. जगभर त्याचा प्रसार झाला. आणि मोटारींच्या धुरांतून शिसें रस्त्यांवर, घरांत, आणि लहान मुलांच्या रक्तांत उतरत राहिलें. शिसें हें मुलांच्या मेंदूला घातक विष आहे. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिसेंविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचें झालें. मोटारींसाठीं शिसें मिसळलेलें पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ मध्यें थांबली. शतकभर चाललेल्या ह्या प्रकरणाचें तात्पर्य एका वाक्यांत सांगतां येईल. ठोका कां होतो तें ऐकून त्याप्रमाणें वागण्याऐवजीं त्याला नुसतें गप्प करण्याचा मार्ग जगाला फार महाग पडला.

इंधनाची ठोका सोसण्याची शक्ति मोजण्याचें मापही १९२६-२७ च्या सुमारास तयार झालें. आयसोऑक्टेन नांवाचें द्रव्य ठोक्याला फार दाद देत नाहीं; त्याला १०० गुण दिले. हेप्टेन लगेच ठोके देतें, त्याला शून्य. एखादें पेट्रोल ह्या दोहोंच्या ज्या मिश्रणाइतकें टिकाव धरतें, त्या मिश्रणांतील आयसोऑक्टेनचा शेकडा भाग म्हणजे त्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंक वाढला म्हणजे पेट्रोलमधील शक्ति वाढली, असें नव्हे. वाढतो तो त्याचा संयम. हा संयम ज्या इंजिनाला उपयोगी पडतो, त्यालाच महाग पेट्रोलाचा लाभ.

शिशाचा आधार सुटल्यावर दुसरा मार्ग अपरिहार्य ठरला, तो म्हणजे ठोका ऐकण्याचा. त्याचें मूळ १८८० इतकें जुनें आहे. त्या वर्षीं पॅरिसमध्यें झाक व पिएर क्यूरी ह्या बंधूंनीं दाखवून दिलें, कीं कांहीं स्फटिकांवर दाब पडला, कीं त्यांत वीज उत्पन्न होते. तोच गुण असलेली एक चकती लहानशा डबींत बसवून ती इंजिनाच्या ओतीव धडावर बोल्टानें घट्ट केली, कीं झाला इंजिनाचा कान. नॉक सेन्सर म्हणतात तो हाच. धडाची थरथर चकतीला दाबते, चकती तितकी वीज देते, आणि ती वीज तारेनें इंजिनाच्या संगणकाकडे जाते. अमेरिकेंत ब्यूइक कंपनीनें १९७८ मध्यें आपल्या टर्बो मोटारींत असा कान वापरला. स्वीडनच्या साब कंपनीनें १९८२ मध्यें ठोका ऐकून टर्बोचा दाबच कमी करणारी व्यवस्था बाजारांत आणली. बोल्ट किती आंवळावा, हेंही येथें महत्त्वाचें असतें. सामान्यतः २० न्यूटन-मीटर हें माप सांगितलेलें असतें. अंदाजानें पिळलेला किंवा सैल राहिलेला बोल्ट म्हणजे कानांत बोळा घातल्यासारखेंच.

इंजिन म्हणजे गोंगाटाची खाण. झडपा आपटतात, इंधनाचे फवारे टिकटिकतात, पिस्टन बाजूला घसटतो. ह्या बाजारांत एक बारीक स्वर ओळखावयाचा कसा? संगणक दोन युक्त्या योजतो. पहिली अशी, कीं तो ठराविक उंचीचाच स्वर गाळून घेतो. वर सांगितलेला ६,७०० कंपनांचा हिशेब येथें कामाला येतो. दुसरी अशी, कीं तो सतत ऐकत नाहीं. ज्या सिलिंडरांत ज्वलन चालू आहे, त्याचा पिस्टन माथ्यावरून खालीं वळल्यानंतरच्या ठराविक अंशांतच तो कान उघडतो. ठोका झाला तर तो ह्याच वेळांत होणार, आणि ह्याच सिलिंडराचा असणार. म्हणूनच एकाच कानानें चार सिलिंडरांपैकीं अपराधी कोणता, हें ओळखतां येतें.

ओळखल्यावर शिक्षा नव्हे, उपचार होतो. त्या सिलिंडराची ठिणगी दोनतीन अंश उशिरा पाडली जाते. ठिणगी उशिरा पडली, कीं दाबाचें शिखर पिस्टन खालीं निघाल्यावर येतें; शेवटच्या मिश्रणावरचा ताण घटतो, आणि ठोका थांबतो. त्याबरोबर थोडी शक्तीही जाते. मग संगणक हळूहळू, अर्ध्या-एक अंशानें, ठिणगी पुन्हां आधीं आणूं लागतो. पुन्हां ठोका ऐकूं येईपर्यंत. काठीनें चांचपडत कड्याच्या अगदीं कांठापर्यंत जाणाऱ्या वाटसरूसारखी त्याची चाल असते.

काठाला जावेंच कशासाठीं? वेगवान मोटारीचें सारें रहस्य ह्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ शेंद्रा येथें स्कोडा कंपनीनें २००१ मध्यें ऑक्टेव्हिया मोटारीची जोडणी सुरू केली, तेव्हां औरंगाबाद ह्या नांवानें ओळखलें जाणारें शहर मोटारींच्या नकाशावर आलें. ह्या ऑक्टेव्हियाचा आर एस नांवाचा वेगवान अवतार टर्बो पेट्रोल इंजिनासह २००४ मध्यें भारतीय बाजारांत आला. २०१७ मध्यें आलेल्या आर एसचें इंजिन अवघ्या दोन लिटरांचें, पण शक्ति २३० अश्वांची. वर उदाहरणादाखल घेतलेला ८२.५ मिलिमीटर व्यास ह्याच इंजिनाचा. एवढ्याशा इंजिनांतून एवढी शक्ति काढावयाची, तर टर्बोनें हवा ठासून भरली पाहिजे. ठासलेली हवा तापते. तापलेली हवा ठोका देते. शक्ति आणि ठोका ह्या सख्ख्या बहिणी आहेत. एकीला घरांत घेतलें, कीं दुसरी उंबऱ्यापाशीं येऊन उभी राहते. कान नसता, तर कारखानदाराला सर्वांत वाईट पेट्रोल आणि सर्वांत कडक उन्हाळा गृहीत धरून इंजिन कायमचें दबकत चालवावें लागलें असतें. कान आहे म्हणून तें मोसमाप्रमाणें व इंधनाप्रमाणें कांठ शोधूं शकतें.

ह्यांतूनच मालकाचा धडा निघतो. इंजिन ठोका ऐकून आपली शक्ति गुपचूप कमी करतें, आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाहीं. वैशाखांत मराठवाड्याचें ऊन चाळीस अंशांवर गेलें, टांकींत हलकें पेट्रोल आलें, हवा थंड करणाऱ्या जाळीवर धूळ बसली, तर मोटार मंद वाटते एवढेंच. आणि घाटांत पुढच्या गाडीला मागें टाकतांना नेमकी हीच कमी पडलेली शक्ति जिवावर बेतूं शकते. म्हणून कान काय म्हणतो आहे, हें अधूनमधून विचारून पाहणें शहाणपणाचें.

तें विचारण्याचे मार्ग सोपे आहेत. आजकालच्या मोटारींत स्टिअरिंगखालीं तपासणीचें एक सॉकेट असतें. त्यांत लहानसें वाचनयंत्र लावलें, कीं पुष्कळ मोटारींत प्रत्येक सिलिंडराची ठिणगी संगणकानें किती अंश मागें ओढली आहे, तें मोबाईलच्या पडद्यावर दिसतें. हे आंकडे पूर्ण जोर लावलेला असतांना पाहावे. उभ्या गाडींत त्यांना अर्थ नाहीं. आणि चालकानें पडद्याकडे न पाहतां तें काम शेजारच्यावर सोंपवावें. क्वचित् एखाद्या सिलिंडरांत दोनतीन अंश दिसले, तर कांठ चांचपण्याचें तें नेहमींचें काम समजावें. सर्वच सिलिंडरांत सतत पांचसहा अंश किंवा अधिक दिसले, तर पेट्रोल, उष्णता किंवा हवेचा दाब ह्यांत दोष शोधावा. एकाच सिलिंडरांत नेहमीं दिसले, तर त्या सिलिंडराचा प्लग, फवारा किंवा सांचलेली काजळी तपासावी. स्पार्क प्लगही साक्ष देतो. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याएवढे नव्हे, तर मिऱ्याच्या पुडीएवढे चकाकते ठिपके दिसले, तर ते पिस्टनाच्या धातूचे असूं शकतात, आणि मग गाडी चालविणें त्याच दिवशीं थांबवावें. शर्यतीच्या गाड्या सिद्ध करणारे जाणकार तर अजूनही एक जुनी तऱ्हा वापरतात. तांब्याच्या नळीचें एक टोंक चपटें करून तें इंजिनाच्या धडावर बोल्टानें बसवितात, दुसऱ्या टोंकाला रबरी नळी जोडून ती कानाला लावतात, आणि डॉक्टरानें छाती तपासावी तसें इंजिन ऐकतात.

एका प्रकाराबाबत मात्र हा कानही हतबल ठरतो. टर्बो लावलेल्या आणि सिलिंडरांतच थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत, फेरे कमी आणि जोर पूर्ण अशा स्थितींत, ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण कधीं कधीं पेट घेतें. तेलाचे थेंब व सुटलेली काजळी ह्यांवर त्याचा ठपका ठेवला जातो. ठिणगीच्या आधींच आग लागली, तर ठिणगी मागें ओढून उपयोग काय? त्यांतून उठणारा एकच ठोका पिस्टनाचा तुकडा पाडण्याइतका जबर असूं शकतो. इंजिन-तेलांतील कॅल्शियमच्या द्रव्यांचें प्रमाण ह्याला कारण होतें, असें आढळल्यानें २०१८ मध्यें एस एन प्लस आणि २०२० मध्यें एस पी ह्या नव्या प्रतीचीं तेलें आलीं. डब्यावरील ही खूण पाहून तेल घेणें हा एक बचाव. दुसरा बचाव फुकटचा आहे. चढावर गिअर खालीं आणावा.

आतां एका मोहाविषयीं. संगणकांतील आंकडे बदलून शक्ति वाढवून देणारे कारागीर शहरोशहरीं आहेत. ह्या क्रियेला रिमॅप म्हणतात. टर्बोचा दाब वाढविला, ठिणगी आधीं आणली, कीं शक्ति वाढते हें खरें. म्हणजे कारखानदारानें कड्यापासून राखलेलें अंतर आपण खर्चीं घातलें, एवढाच त्याचा अर्थ. जाणता कारागीर हें काम करतांना प्रत्येक सिलिंडराचा ठोका मोजीत पुढें जातो, आणि कान शाबूत ठेवतो. अडाणी किंवा लोभी कारागीर कानाची संवेदनाच बोथट करतो. मग पडद्यावर ठोका दिसत नाहीं, गाडी जोरांत धांवते, गिऱ्हाईक खूष होतें. आणि पिस्टन मूकपणें झिजत राहतो. शिशाच्या काळांत झालेली चूक ती हीच, फक्त नव्या वेषांत. तक्रार मिटविली म्हणजे दुखणें मिटलें, असें समजण्याची. शिवाय असा बदल केल्यास कंपनीची हमी जाण्याचा संभव असतो. आणि मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफारांस मनाई करतें, हेंही ध्यानीं असूं द्यावें.

शेवटीं इंधनाची गोष्ट, आणि ती पुन्हां उसाच्या शेताकडे घेऊन जाते. मळीपासून होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळण्याचे भारतांतील पहिले प्रयोग २००१ मध्यें सुरू झाले, आणि त्यांतील दोन ठिकाणें महाराष्ट्रांतलीं होतीं. एक मिरज, दुसरें कन्नडच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील मनमाड. तेव्हां शेंकडा ५ असलेलें प्रमाण २०२५ पर्यंत शेंकडा २० वर आलें. इथेनॉल ठोक्याचें वैरी आहे. त्याचा ऑक्टेन अंक १०० च्या वर आहे, आणि वाफ होतांना तें पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषून मिश्रण थंड करतें. साध्या पेट्रोलाचा अंक ९१, तर वीस टक्के मिश्रणाचा ९५ धरला जातो. मात्र लिटरामागें इथेनॉलांत पेट्रोलपेक्षां सुमारें एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणून वीस टक्के मिश्रणांत हिशेबानें सहासात टक्के ऊर्जा कमी भरते. ज्या इंजिनाला तीक्ष्ण कान आहे आणि वाढीव संयमाचा लाभ घेण्याची मुभा आहे, तें ठिणगी आधीं आणून ह्या तुटीची कांहीं भरपाई करूं शकतें. ज्या जुन्या इंजिनाला कानच नाहीं, त्याला ठोक्यापासून आराम मिळेल, पण तुटीची भरपाई मिळणार नाहीं. रॉकेलाची भेसळ असलेलें पेट्रोल मात्र दोघांचेंही शत्रू. कारण रॉकेलाचा ऑक्टेन अंक फारच खालचा. वेगवान मोटारीच्या मालकानें स्वस्ताईच्या मागें लागून अनोळखी ठिकाणीं टांकी भरूं नये, आणि इंधनाच्या झांकणावर कारखानदारानें लिहिलेला अंक एकदां तरी वाचावा.

पुन्हां औट्रम घाटाच्या पायथ्याशीं यावें. चालकानें चढ लागण्यापूर्वीं गिअर खालीं आणला आहे. इंजिनाचे फेरे वाढले आहेत. प्रत्येक फेऱ्यावरचें ओझें हलकें झालें आहे, आणि शेवटच्या मिश्रणाला पेटून उठण्याइतका अवधि मिळत नाहीं. गाण्याचा आवाज थोडा कमी केला आहे. धडावरील कान प्रत्येक ज्वलनानंतर क्षणभर उघडतो, कांहीं वावगें ऐकूं येत नाहीं, आणि पुन्हां मिटतो. घाटमाथ्यावर कन्नडचा वारा लागतो, आणि पिशोरकडे जाणारी मोटार सरळ रस्त्याला लागते. यंत्राला कान देऊन कारखानदारानें आपलें काम केलें. त्या कानावर बोळा न घालण्याचें काम मालकाचें आहे.